धक्क्याआधीचा खांदा

जव्हार तालुक्यात दाभोसा गावाजवळ लेंडी नदी सुमारे ३०० फुटांच्या कड्यावरून खाली येते. पावसाचा जोर ओसरला की दोर बांधून कडा उतरणारी मंडळी इथे येतात आणि खालच्या डोहात कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्याही चालतात. कयाक एका अंगाला कलली की नवखा माणूस घाबरून वल्ह्याचं पातं पाण्यावर आपटतो. या गडबडीत त्याचा हात डोक्याच्या वर आणि मागे जातो. दंड वर उचललेला, बाहेरच्या बाजूला वळलेला आणि त्यात पाण्याचा रेटा हाताला आणखी मागे ढकलतोय, अशी ती स्थिती. खांदा पुढच्या बाजूला निखळतो तो बहुतेकदा अशाच अवस्थेत. म्हणून कयाक शिकवणारा पहिल्या धड्यापासून कोपरं अंगाजवळ ठेवायला सांगतो.

सरावलेल्या वल्हेकऱ्याचा खांदा असा धक्का पचवतो. कसा, असं विचारलं तर मैदानावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘सरावानं रिफ्लेक्स तेज होतात.’ गोलंदाज, तिरंदाज, मल्लखांबपटू या सगळ्यांबद्दल हेच बोललं जातं. शरीरशास्त्राचा जवळजवळ दीडशे वर्षांचा अभ्यास मात्र या उत्तराला अर्धाच दुजोरा देतो. सरावानं प्रतिक्षिप्त क्रियेचा वेग फारसा वाढत नाही. ती कधी जोरात उमटावी आणि कधी दबून राहावी, याची जुळणी सरावानं बदलते. आणि खांद्याच्या बाबतीत खरी मदार असते ती धक्का बसण्याआधी स्नायू किती तयार होता यावर.

एका ताणाला तीन उत्तरं

गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली की पाय उडतो. एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ मध्ये स्वतंत्रपणे याची नोंद केली. त्यामागची यंत्रणा लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२४ मध्ये मांडली. स्नायू अचानक ताणला गेला की त्याच्या आतली ‘स्पिंडल’ नावाची ग्राहकं तो ताण टिपतात. त्यांचा संदेश जाड, वेगवान चेतातंतूंवरून मेरुरज्जूत जातो आणि तिथून थेट त्याच स्नायूला आकुंचनाचा हुकूम सुटतो. मेंदूला विचारावं लागत नाही. शेरिंग्टन यांना १९३२ चं नोबेल एड्रियन यांच्यासोबत मिळालं, ते चेतापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी.

एवढ्यावर विषय संपला असता तर रिफ्लेक्स म्हणजे ठोकळेबाज यंत्र ठरलं असतं. पण १९५६ मध्ये पीटर हॅमंड यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाचा हात अचानक ओढायचा आणि दंडाच्या बायसेप्स स्नायूचा विद्युत आलेख, म्हणजे ईएमजी, घ्यायचा. ओढण्याआधी एकदा सांगायचं ‘विरोध कर’ आणि एकदा सांगायचं ‘सोडून दे’. स्नायूचं पहिलं उत्तर दोन्ही वेळा सारखंच आलं. त्यामागून येणारं उत्तर मात्र सूचनेप्रमाणे बदललं. माणूस स्वतःहून हालचाल करायला जेवढा वेळ घेतो, त्याच्या आतच हे घडत होतं.

पुढच्या संशोधकांनी हाताच्या स्नायूंसाठी काळाचे टप्पे आखले. ताण बसल्यापासून साधारण २० ते ४५ मिलिसेकंदांत येतं ते पहिलं उत्तर. ते मेरुरज्जूचं. साधारण ४५ ते १०५ मिलिसेकंदांत येतं ते दुसरं. त्यात मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागाचाही हात असतो. त्यानंतर येते माणसाची स्वतःच्या इच्छेची हालचाल. खेळाडूच्या खांद्याबद्दल बोलताना ही तीन उत्तरं वेगळी ठेवली नाहीत तर सगळा घोळ होतो. ‘रिफ्लेक्स’ हा शब्द मैदानावर तिन्हींसाठी सरसकट वापरला जातो. झेल घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाचं कौतुक तर बहुतेकदा या तिन्हींपैकी कशाचंच नसतं. चेंडू बॅटला लागण्याआधीच त्याने बांधलेल्या अंदाजाचं ते कौतुक असतं.

खांदा गुडघ्यासारखा नाही

आपल्याकडचं या विषयातलं बरंच ज्ञान पोटरी आणि मांडीवरून आलेलं आहे. पोटरीच्या स्नायूचा चेतातंतू गुडघ्यामागे सहज सापडतो आणि विजेचा सौम्य झटका देऊन प्रतिक्षिप्त क्रिया मोजता येते. खांद्याचे चेतातंतू मानेच्या मुळाशी एकमेकांत गुंतलेले असतात. तिथे एकाच स्नायूला वेगळं गाठणं कठीण जातं. म्हणून प्रयोगशाळेत हात एका मोटरला बांधून तो अचानक ढकलावा लागतो, आणि दर धक्क्याला अनेक स्नायू एकदमच ताणले जातात.

खांद्याची रचनाही वेगळी आहे. खुब्याचा सांधा खोल उखळीसारखा असतो. खवाट्याची खोबण मात्र उथळ असते आणि दंडाच्या हाडाच्या गोलाचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा एका वेळी तिला टेकलेला असतो. हा सांधा जागेवर राहतो तो मुख्यतः स्नायूंच्या जोरावर. सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे रोटेटर कफचे चार स्नायू गोलाला खोबणीत दाबून धरतात. डेल्टॉइड, छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू हात हलवतात.

एवढी जबाबदारी असलेल्या स्नायूंत ताण टिपणारी स्पिंडल्स भरपूर असतील असं वाटेल. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट बँक्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला हिशोब उलटं सांगतो. स्नायूचं वजन जमेस धरून मोजणी केली तेव्हा स्पिंडल्सचं प्रमाण मान आणि पाठीच्या कण्याजवळच्या स्नायूंत सर्वांत जास्त निघालं आणि खांद्याच्या पट्ट्यातल्या स्नायूंत सर्वांत कमी. ही एक बाब लक्षात ठेवली तरी गुडघ्याचे निष्कर्ष खांद्याला जसेच्या तसे लावण्याचा मोह आवरतो.

खांद्याचे स्नायू एकटे वागतही नाहीत. कॅरोलिन अलेक्झांडर आणि हॅरिसन यांनी लंडनमध्ये ट्रॅपिझियस या मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या स्नायूवर काम केलं. एका बाजूच्या संवेदनांचा परिणाम दुसऱ्या बाजूच्या ट्रॅपिझियसवर होतो, आणि हाताच्या पंजाकडून आलेले संदेश खवाट्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचतात, असं त्यांना आढळलं. मूठ आवळली की खांदा जागा होतो, ही तालमीतली समजूत त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

खेळाडूंत काय बदलतं?

या प्रश्नाचं सर्वांत चकित करणारं उत्तर नर्तकांकडून आलं. नील्सन, क्रोन आणि हुल्टबोर्न यांनी १९९३ मध्ये रॉयल डॅनिश बॅलेच्या नर्तकांच्या पोटरीतली प्रतिक्षिप्त क्रिया मोजली. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास सराव करणाऱ्या या लोकांत ती इतर तरबेज खेळाडूंपेक्षा लहान निघाली. बॅलेत पायाच्या बोटांवर तोल सांभाळताना पोटरीचे आणि नडगीचे स्नायू एकाच वेळी आवळलेले असतात. तिथे दर छोट्या ताणाला स्नायूने उसळी मारली तर पाय थरथरेल. नर्तकांची चेतासंस्था ही उसळी दाबायला शिकलेली असावी, असा याचा अर्थ लावला गेला. म्हणजे उत्तम सराव हा जोरदार रिफ्लेक्समध्येच दिसतो असं नाही. कधी तो दबलेल्या रिफ्लेक्समध्ये दिसतो.

असा बदल शिकून घडवता येतो, हे जोनाथन वोल्पॉ यांनी माकडांवर दाखवलं. १९८० च्या दशकातल्या या प्रयोगांत दंडाच्या बायसेप्सचं सर्वांत पहिलं, मेरुरज्जूचं उत्तर वाढवलं किंवा घटवलं की माकडाला बक्षीस मिळे. आठवड्यांमागून आठवडे गेले आणि उत्तर खरंच बदललं. पुढे माणसांच्या बायसेप्समध्येही असं प्रशिक्षण जमलं. इथे दोन गोष्टी कळीच्या आहेत. एक, बदलला तो उत्तराचा आकार. चेतातंतूवरून संदेश धावण्याचा वेग आणि हाताची लांबी या गोष्टी सरावानं बदलत नाहीत, त्यामुळे पहिल्या उत्तराची वेळ जवळपास ठरलेलीच राहते. दोन, बदलाला आठवडे लागले. एका शिबिरात ‘रिफ्लेक्स सुधारून देतो’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

वेळेचा हिशोब

बेसबॉलचा पिचर घ्या, की भाला फेकणारा घ्या. हात मागे जातो, दंड बाहेरच्या बाजूला पूर्ण वळतो, छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू ताणले जातात आणि मग हात सुटतो. बेसबॉलमध्ये याची मोजमापं सर्वाधिक झाली आहेत. तिथे दंड आतल्या बाजूला वळण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७००० अंशांपर्यंत जातो. हात पूर्ण मागे गेल्यापासून चेंडू सुटेपर्यंत साधारण ३० ते ५० मिलिसेकंद जातात.

आता ही वेळ रिफ्लेक्सच्या शेजारी ठेवून पाहा. ताण टिपून उत्तर स्नायूपर्यंत यायला वीसेक मिलिसेकंद हवेत. स्नायूत वीज आली म्हणजे लगेच ओढ तयार होते असंही नाही, त्याला आणखी काही मिलिसेकंद लागतात. हात पुढे सुटायला लागल्यावर जागा झालेला रिफ्लेक्स कामाला येईपर्यंत चेंडू हातातून गेलेला असतो. म्हणून फेकीच्या वेगात रिफ्लेक्सचा काही वाटा असलाच तर तो आधीच्या टप्प्यातला, हात मागे जात असताना बसलेल्या ताणाचा. तो किती, यावर एकमत नाही. नील रोच आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये माणसाच्या फेकीचं श्रेय मोठ्या प्रमाणात खांद्याच्या ऊतींत साठवलेल्या लवचीक ऊर्जेला दिलं. कंडरा आणि अस्थिबंध ताणले जातात आणि उलटतात, त्याला चेतासंस्थेची वाट पाहावी लागत नाही.

चेंडू सुटल्यावर खरी कसोटी लागते. हात खोबणीतून ओढला जातो तो जवळपास खेळाडूच्या वजनाइतक्या जोराने, आणि मागच्या बाजूचे कफचे स्नायू ताणले जात असतानाच त्याला थोपवतात. हे काम रिफ्लेक्सवर सोडून चालत नाही. मेंदूने फेकीचा बेत आखतानाच ब्रेकचाही हुकूम दिलेला असतो.

हाच हिशोब दुखापतीला लावता येतो. २३ मार्च २०२१ ला पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात भारताच्या श्रेयस अय्यरने चौकार अडवण्यासाठी झेप घेतली आणि त्याचा डावा खांदा सांध्यातून सरकला. शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो काही महिने खेळाबाहेर राहिला. हात जमिनीला लागल्यावर खांद्यावरचा जोर क्षणार्धात वाढतो. लॅटिमर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये निरोगी माणसांच्या दंडाला मागून पुढे धक्का देऊन स्नायू केव्हा जागे होतात ते पाहिलं. खांदा वाचवायला ही प्रतिक्रिया उशिरा येते, असा त्यांचा रोख होता. पण झेप घेणं हा अपघात नसतो. पाय जमीन सोडतात तेव्हापासून हात टेकेपर्यंत बऱ्यापैकी वेळ असतो. खांदा आवळून घ्यायला तो पुरतो. आधीच आवळलेल्या स्नायूचं प्रतिक्षिप्त उत्तरही मोठं येतं, हे हाताच्या स्नायूंत वारंवार दिसलं आहे. म्हणजे पूर्वतयारीचा फायदा दुहेरी आहे.

लांबच्या फेऱ्याची हुशारी

गेल्या पंधरा-वीस वर्षांत खांद्याबद्दलची सर्वांत नवी माहिती दुसऱ्या, म्हणजे मेंदूपर्यंत लांबचा फेरा मारून येणाऱ्या उत्तराबद्दल मिळाली. कॅनडातल्या कर्ट्झर, प्रुझिन्स्की आणि स्कॉट यांनी २००८ मध्ये एक चलाख रचना केली. कोपर आणि खांदा यांना असे धक्के दिले की खांदा तेवढाच हलावा, पण त्यामागचा जोर वेगळ्या सांध्यावर पडलेला असावा. खांद्याच्या स्नायूचं पहिलं उत्तर फक्त खांदा किती ताणला गेला एवढंच पाहत होतं. दुसरं उत्तर मात्र जोर खरोखर कुठे पडला ते ओळखत होतं. संपूर्ण हाताची यांत्रिकी जणू त्याला ठाऊक होती. २०११ मध्ये प्रुझिन्स्की आणि सहकाऱ्यांनी या हुशारीमागे मेंदूचा प्राथमिक चालक भाग असल्याचा पुरावा दिला. पुढे २०१९ मध्ये वायलर, ग्रिबल आणि प्रुझिन्स्की यांनी मेरुरज्जूच्या उत्तरालाही पूर्वी वाटलं होतं त्यापेक्षा जास्त जाण असते, हे मनगट आणि कोपरावर दाखवलं.

शिकागोच्या पेरो यांच्या गटाने आणखी एक गोष्ट पाहिली. हातातली वस्तू डळमळीत असेल तर हाताच्या स्नायूंचे प्रतिक्षिप्त प्रतिसाद वाढतात आणि ती पक्की असेल तर कमी होतात. कयाकमधल्या वल्ह्याला हे थेट लागू पडतं. पाण्यावर टेकलेलं पातं डळमळीत आधार देतं. तोच हात खडकावर टेकला तर खांद्याचा प्रतिसाद वेगळा असेल. सराव कोणत्या आधारावर झाला यावर म्हणूनच बरंच अवलंबून असतं. पक्क्या बाकावर वजनं उचलून तयार केलेला खांदा डोहात उतरल्यावर नव्याने शिकायला लागतो.

आपल्या मातीतले दोन खेळ

या सगळ्या विचाराची कसोटी पाहायची तर मल्लखांब हा फार सोयीचा खेळ आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नावारूपाला आणला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. २०१९ मध्ये मुंबईत या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२४ मध्ये मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली.

बगलीची पकड जवळून पाहा. एरंडेल लावून गुळगुळीत केलेला लाकडी खांब बगलेत दाबून धरायचा आणि त्यावर सगळं शरीर तोलायचं. खांब निसटू पाहतो, शरीर फिरतं आणि छातीचा व पाठीचा मोठा स्नायू एकाच वेळी आवळलेला राहतो. बॅले नर्तकाच्या पोटरीत जे घडतं त्याच्याशी याचं साम्य आहे. दर घसरणीला खांद्याने उसळी मारली तर पकड सुटेल, आणि उसळी मारलीच नाही तर माणूस खाली येईल. मल्लखांबपटूच्या खांद्यात स्थिर पकडीच्या वेळी पहिलं उत्तर दबलेलं आणि उडीनंतर खांब पुन्हा पकडताना तेच मोठं झालेलं असावं, अशी अपेक्षा धरायला जागा आहे. दोन्ही अवस्थांत एकाच खेळाडूला मोजलं तर ती तपासता येईल.

तिरंदाजी दुसऱ्या टोकाची. जव्हार-मोखाड्याच्या वारली-कोकणा पाड्यांना तीरकामठा नवा नाही. स्पर्धेच्या तिरंदाजीत फलटण तालुक्यातला प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. दोरी ओढून धरलेल्या खांद्यात बारीक कंप असतो. सेकंदाला ८ ते १२ वेळा होणाऱ्या या कंपात ताण-प्रतिक्षेपाच्या फेऱ्याचाही वाटा असतो. इथे जोरदार रिफ्लेक्स म्हणजे हललेला नेम. तिरंदाजाला दाबायला शिकावं लागतं ते नेमकं तेच, जे कयाकवाल्याला उलटता उलटता वाचवतं. ‘खेळाडूचे रिफ्लेक्स’ असा एकच ठोक माल नसतो, हे या दोन खांद्यांवरून कळतं.

दुखावलेला आणि थकलेला खांदा

सांध्याभोवतालचं कवच आणि अस्थिबंध यांतही संवेदी तंतू असतात. ग्वांशे आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांजरांत या तंतूंना उत्तेजित केलं तेव्हा कफचे स्नायू उत्तर देताना दिसले. माणसांत डेन्मार्कच्या संशोधकांनी खांद्याच्या वरच्या अस्थिबंधाला उत्तेजित केलं, तर स्नायूंची क्रिया उलट दबली. अस्थिबंधांचे संदेश नेहमी स्नायूला आवळतातच असं समजू नये.

खांदा एकदा निखळला की हे कवच फाटतं किंवा सैल होतं आणि संवेदनाही बिघडते. पिट्सबर्गच्या मायर्स, लेफार्ट आणि सहकाऱ्यांना २००४ मध्ये अस्थिर खांद्यांत धक्क्यानंतरचा काही स्नायूंचा प्रतिसाद मंदावलेला आढळला. थकव्याबद्दलही पुरावा आहे. १९९८ मध्ये कारपेंटर आणि सहकाऱ्यांनी खांदे थकवून पाहिलं, तेव्हा हात हलतोय हे कळायला आधीपेक्षा जास्त हालचाल व्हावी लागली. दिवसभर कड्यावर दोरकाम करून संध्याकाळी डोहात वल्हं मारायला उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

तालमीसाठी निष्कर्ष

या आढाव्यातून चार गोष्टी बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतात. पहिली, वेगापेक्षा स्थिती शिकवावी. कोपर अंगाजवळ ठेवण्याची सवय खांद्याला जेवढं वाचवते, तेवढं कोणताही रिफ्लेक्स वाचवणार नाही, कारण धोकादायक कोनात हात गेल्यावर उत्तराला वेळच उरत नाही. दुसरी, सराव डळमळीत आधारावर आणि अनपेक्षित धक्क्यांसह व्हावा. दुसऱ्या उत्तराची हुशारी संदर्भावर चालते, तिला खेळाचाच संदर्भ द्यावा. तिसरी, चेंडू झेलून लगेच परत फेकण्यासारखे झटक्याचे व्यायाम उपयोगी ठरतात. स्वानिक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये महिला जलतरणपटूंना काही आठवडे ते दिले, तेव्हा खांद्याच्या स्थितीची जाण सुधारली. आपल्या तालमीतली मुद्गल आणि करेल या फिरवायच्या वजनांची जोडीही खांद्याला ताण देऊन लगेच आवळायला लावते. त्यामुळे तिला जुनाट म्हणून बाजूला सारायचं कारण नाही. चौथी, खेळाडूची चाचणी एका आकड्यावर थांबू नये. स्नायू सैल असताना, आवळलेला असताना आणि थकल्यावर अशी तीन वेळा ती व्हावी.

निवडीच्या बाबतीत एक इशारा द्यायला हवा. प्रतिक्रियेचा वेळ मोजणारी यंत्रं आणि मोबाइल अ‍ॅप आता गावोगावी पोहोचली आहेत. पडद्यावर दिवा लागल्यावर बटण दाबायला लागणारा वेळ हे स्वेच्छेच्या हालचालीचं माप आहे. खांद्याच्या ताण-प्रतिक्षेपाशी त्याचा संबंध फार लांबचा. त्या आकड्यावरून आश्रमशाळेतल्या एखाद्या मुलीला तिरंदाजीसाठी घेणं किंवा नाकारणं हा तिच्यावर अन्याय होईल. तिच्या खांद्याबद्दल काही सांगू शकेल तर तो अनेक आठवड्यांचा सराव, आणि त्या काळात कंप कमी झाला की नाही याची साधी नोंद. त्यासाठी एक वही, एक मोबाइल कॅमेरा आणि चिकाटीचा प्रशिक्षक पुरतो.